रोवणीच्या चालीवर

आमच्या आईचा आवाज मोठा आहे. गोड नाही, मोठा. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, एका टोकाला उभं राहून तिनं हाक मारली की दुसऱ्या टोकाचे बगळे उडतात. सालेकशाच्या पुढं, जंगलाला लागून आमचं गाव. तिथं रोवणीच्या दिवसांत बायकांचे गट असतात. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. चिखलात वाकायचं, धानाचं एकेक रोप रोवायचं आणि मागं मागं सरकत जायचं. दुपारपर्यंत कंबर आपली राहत नाही. म्हणून गाणं लागतं. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात आणि हात आपोआप चालत राहतात. आमच्या गटात ओळ टाकणारी बाई म्हणजे माझी आई. माझ्या जन्माच्या आधीपासून.

त्या आवाजात तिनं येशूचं नाव घेतलं आणि मग तो आवाज सगळ्यांनाच फार मोठा वाटायला लागला. शहरातल्या चर्चला वाटला, गावाला वाटला. मलाही वाटला, हे आधीच सांगून टाकते. मी धीट होते असा कुणाचा समज होऊ नये. मी बी.ए. करून घरी बसलेली, शिलाई मशीन चालवणारी, चारचौघांत मान खाली घालणारी मुलगी होते.

सुरुवात पायांपासून झाली. एका वर्षी रोवणी लांबली आणि आईच्या पायांना चिखल्या झाल्या. दरवर्षी होतात, पण त्या वर्षी बोटांच्या बेचक्या सडल्या, पू झाला, पाय टेकवेना. बाबांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून एका लहानशा दवाखान्यात नेलं. तिथं केरळची एक नर्स होती. वय झालेली, चष्मा लावणारी, तुटकं हिंदी बोलणारी. तिनं कोमट औषधी पाण्याचं घमेलं आणलं, स्वतः खाली जमिनीवर बसली आणि आईचे पाय मांडीवर घेतले.

आईनं पाय मागं ओढला. आमच्याकडे पाय कोण कोणाचे धुतं? लग्नात नवरदेवाचे धुतात. घरी आलेल्या मोठ्या माणसाचे धुतात. चिखलात राबणाऱ्या बाईचे पाय कुणी हातात घेतलेले आईनं पाहिले नव्हते.

"तुम्हारे हात खराब होते ना बाई," आई म्हणाली.

नर्स म्हणाली, "हमारा प्रभू भी धोया. अपना चेला लोग का पैर. घुटना टेक के धोया."

आई आठ दिवस पट्टी बदलायला जात होती. रोज ती एक गोष्ट मागायची आणि नर्स हातातलं काम न थांबवता सांगायची. आठव्या दिवशी पाय सुकले. तरी आई नवव्या दिवशी गेली.

घरी आल्यावर तिनं बाबांना सरळ सांगितलं, "ज्या देवानं गुडघे टेकून लोकायचे पाय धुतले, त्याले मी आता सोडत नाही."

बाबा सुपारी कातरत होते. त्यांचं बोलणं मुळातच कमी. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "तुले ज्याले धरायचं त्याले धर. मी माझ्या देवायले सोडत नाही."

"मी कुठं म्हनून राहिलो सोडा?"

आमच्याकडे बायकाही 'जातो', 'करतो' असंच म्हणतात. आईचं ते 'म्हनून राहिलो' मला आजही त्याच ठसक्यात ऐकू येतं. इतकंच बोलणं झालं. बाबांचा देव्हारा भिंतीवर होता तिथंच राहिला. बाबा सकाळी दिवा लावायचे आणि त्याच वेळी आई अंगण झाडत आपल्या देवाशी बोलायची. बोलायची म्हणजे खरोखर बोलायची. शेजारणीशी बोलावं तशी. काल रात्री झोप लागली नाही, शेळीला दूध कमी आहे, पोरीच्या लग्नाचं काही जमत नाही, तू आयकून राहिला का नाही? मी आतून ऐकायचे आणि वाटायचं, हिनं निदान दार तरी लोटून घ्यावं.

नर्सनं आम्हाला गोंदियातल्या चर्चचा पत्ता दिला. रविवारी पहाटे स्टेशनपर्यंत सायकल, पुढं पॅसेंजर, आणि गोंदियाला उतरून पायी. चर्चमधली माणसं चांगली होती. आम्हाला बसायला जागा दिली, चहा दिला. इस्त्रीचे कपडे, हातात पुस्तकं, हिंदी गाणी. हार्मोनियम वाजायचा आणि सगळे एका मापात गायचे. आईला वाचता येत नव्हतं. पहिले दोन रविवार तिनं नुसतं ऐकलं. तिसऱ्या रविवारी तिला शब्द पाठ झाले आणि तिनं तोंड उघडलं.

बांधीत टाकायची तशी ओळ तिनं चर्चमध्ये टाकली. पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळल्या. हार्मोनियमवाल्याचा हात अडखळला. मी आईचा पदर ओढला, कोपरानं ढोसलं. तिनं डोळे मिटलेले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

प्रार्थना झाल्यावर पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, जवळ आले. मोठा सभ्य माणूस. म्हणाले, "बहनजी, आपकी भक्ती बहुत अच्छी है. बस थोडा धीरे गाइए. सबके साथ मिलाके."

आईनं मान डोलावली. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून राहिली. मला मनातून बरं वाटलं होतं की कुणीतरी तिला सांगितलं. दोन स्टेशनं गेली तेव्हा ती म्हणाली, "देवाले झाडीबोली नाही समजत काय वो?"

"समजत असेल."

"मंग हिंदीत काऊन गा लागते? माझ्या तोंडात ते शब्द बसत नाही. दुसऱ्याची चप्पल घातल्यावानी वाटते."

थोड्या वेळानं तिनं गुणगुणायला सुरुवात केली. चाल रोवणीची होती, लहानपणापासून ऐकलेली, पण शब्द वेगळे होते. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध.

*धुऱ्यावरून आला धनी माझा वो बाई,*
*पाय भरले चिखलानं,*
*कायले लाजू, कायले भिऊ वो बाई,*
*धुतले माझे पाय त्यानं.*

डब्यात समोर भाजीच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मस्त आहे, पुन्हा म्हना." आईनं पुन्हा म्हटलं, आता पूर्ण आवाजात. मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले. त्या वेळी मला फार शरम वाटली होती. आज त्या शरमेची शरम वाटते, पण लिहायचं तर खरं लिहायला पाहिजे.

त्यानंतर आई शहरात महिन्यातून एकदाच जाऊ लागली, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या, रविवारी. तिथं ती ओठ मिटून बसायची. "तिथं आयकतो, घरी गातो," म्हणायची. बाकीच्या रविवारी दुपारी आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, ती गायला बसायची. साथीला जेवणाची थाळी आणि चमचा. रोवणीच्या गटातल्या दोघी येऊ लागल्या, मग चौघी. त्यांतल्या दोघींनी आईचा देव धरला. बाकीच्या दोघी गाण्यासाठी यायच्या आणि जाताना मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ठाण्याला हात जोडून घरी जायच्या. आईला त्याचं काही वाटत नव्हतं. नवी गाणी होत गेली. रोवणीच्या चालीवर, कापणीच्या चालीवर, लग्नात हळद लावतानाच्या चालीवर. मी आत मशीनवर बसायचे आणि गाणं सुरू झालं की पायडल जोरात मारायचे.

वर्षभर कुणी काही बोललं नाही. मग बोलायला लागले. मोहफुलं वेचताना बायकांमध्ये कुजबुज, पानटपरीवर टोमणा. "तिले तिकडून काहीतरी भेटत असन." "आमच्या मातामायच्या चालीत परका देव घुसवून राहिली." एका उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम संपता संपता, ती गोष्ट आमच्या दारात आली.

रविवारची दुपार होती. सपरीत आई आणि चौघी जणी. गाण्याला नुकती सुरुवात झाली होती. गावातली पाच पोरं अंगणात येऊन उभी राहिली. सगळी ओळखीची. एकाच्या शाळेच्या पँटी मी शिवल्या होत्या. त्यांतला पुढचा म्हणाला, "काकी, बंद करा हे."

आईनं थाळी वाजवायची थांबवली नाही. हातानं खूण केली, थांब, गाणं संपू दे.

तो थांबला. कडवं संपलं. आईनं पुढचं घेतलं. ते संपलं, पुढचं घेतलं. गाणं चार कडव्यांचं होतं, हे मला पाठ होतं. पाचवं कडवं तिनं तिथल्या तिथं जोडलं. त्यात आमची शेळी आली. सहाव्यात पिठाची चक्की आली. सातव्यात जंगलातला मोह, आठव्यात तेंदूच्या पानांचे पुडे बांधून काळे झालेले हात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'धुतले माझे पाय त्यानं', आणि चौघी जणी ती ओळ उचलत होत्या. आधी घाबरत, मग मोकळ्यानं. ऊन असं होतं की अंगणात उभं राहवत नव्हतं. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. गाणं चालू असताना तोडायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. आमच्याकडे चालू भजन कुणी तोडत नाही, आणि हे भजन संपत नव्हतं.

मग तिनं त्यांच्याकडे पाहत कडवं जोडलं.

*पाच जण उभे माझ्या दारी वो बाई,*
*डोक्यावर ऊन तापलं,*
*त्यायलाबी दे सावली धन्या वो बाई,*
*लेकरू कोणाचं का असलं.*

चौघींतली एक फिसकन हसली. एका पोराच्याही तोंडावर हसू आलं आणि त्यानं ते गिळलं. पुढचा मात्र भडकला. त्यानं पायरीवर पाय ठेवला, वाकला आणि आईच्या हातातली थाळी ओढून अंगणात फेकली. ती गरगर फिरत विहिरीच्या कठड्याला लागून पडली.

मी मशीनवरून उठले. का उठले, ते आजही नीट सांगता येत नाही. माझा तेव्हा येशूवर विश्वास होता की नव्हता हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी बाहेर गेले, थाळी उचलली, आईला दिली आणि तिच्या शेजारी बसले. तोंडातून आवाज निघत नव्हता. ओठ हलवत राहिले. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पुढचं कडवं घेतलं होतं.

पोरं निघून गेली. जाताना पुढचा म्हणाला, "उद्या पंचायतीसमोर या. तिथं गा मंग."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या आवारात लोक जमले. सरकारी सभा नव्हती, गावाची बैठक होती. खुर्चीवर बसले होते गावातले एक मोठे शेतकरी. त्यांच्या बांध्यांत आमचा गट दरवर्षी सगळ्यात जास्त दिवस राबायचा. त्यांनी माणूस म्हणून कधी वाईट वागणूक दिली नव्हती. त्यांनी आईला विचारलं, "तुले त्यायनं काय देल्लं? खरं सांग. कशापायी धर्म बदलवला?"

"चिखल्यावरचं मलम देल्लं," आई म्हणाली.

लोक हसले. आई हसली नाही. "खरंच तेवढंच देल्लं. आनि माझे पाय धुतले. या गावात तीस वर्सं मी तुमच्या सगळ्यायच्या बांध्या रोवल्या. माझे पाय सडले तवा कोनी पाहाले आलं होतं काय?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "पन चाल आमची काऊन घेतली? रोवनीचं गानं मातामायचं आहे."

"चाल माझ्या मायनं मले देल्ली," आई म्हणाली. "तिच्या मायनं तिले देल्ली. मी कोनाच्या घरून चोरून नाही आनली. तुमचं गानं म्या बंद केलं काय? नाही केलं. आता माझं बी बंद करू नोका."

तेव्हा त्या शेतकऱ्यांनी खिशातून एक कागद काढला. लिहून तयारच आणला होता. "वाद कायले पाह्यजे? यावर अंगठा लाव आनि घरी जा."

आई म्हणाली, "मले वाचता येत नाही. माझी पोरगी वाचन."

कागद माझ्या हातात आला. मी वाचला. 'मी लिहून देते की, यापुढे माझ्या घरी मी मोठ्याने प्रार्थना अथवा गाणी म्हणणार नाही व बाहेरच्या बायका जमवणार नाही. तसे केल्यास गाव देईल ती शिक्षा मला मान्य राहील.'

"आयकू नाही आलं," आई म्हणाली. "मोठ्यानं वाच."

मी पुन्हा वाचला.

"अजून मोठ्यानं. मागच्यायलाबी आयकू गेलं पाह्यजे, मी काय लिहून देऊन राहिलो तं."

तिसऱ्यांदा मी सगळ्या आवारात ऐकू जाईल असा वाचला. इतक्या माणसांत मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला होता.

आई म्हणाली, "हळू प्रार्थना मले येत नाही. जे येत नाही ते मी कशी लिहून देऊ? मी अंगठा लावत नाही."

गलका झाला. कुणी म्हणालं, गावाबाहेर काढा. कुणी म्हणालं, नवऱ्याला विचारा, तो काय म्हणतो. सगळे बाबांकडे वळले. बाबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. ते उठले.

"मी तिच्या देवाले मानत नाही," बाबा म्हणाले. "घरी माझ्या देवायचा दिवा रोज लागते, कोनीबी येऊन पाहा. पन माझ्या घरी कोन काय गाईन ते मी ठरवन नाहीतं माझी बायको ठरवन. तुमी नाही."

मी बाबांना एवढी वाक्यं एका दमात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

त्यांच्या मागोमाग आणखी एक जण उठले. रेल्वेत गँगमन होते, रिटायर झालेले, गावातल्या बौद्ध वस्तीत राहणारे. आमच्या बांधीला लागून त्यांची बांधी. काठी टेकत ते पुढं आले आणि खुर्चीसमोर उभे राहिले.

"मी तं देवच मानत नाही," ते म्हणाले. "हिचा देव मले पटत नाही आनि तुमचाबी पटत नाही. हिचं गानं माझ्या दुपारच्या झोपेची वाट लावते, हे बी खरं आहे. पन माझ्या बापानं धर्म बदलवला तवा याच गावानं आमची विहीर बंद केली होती. माझी माय ओढ्याचं पानी आने. ते म्या डोऱ्यानं पाहालं. हिनं अंगठा लावला तं उद्या माझ्यापुढं कागद आनसान. म्हनून म्हनतो, कायद्यानं जे हिचं आहे ते हिचं आहे. कागद फाडा."

कागद कुणी फाडला नाही. आईनंच माझ्या हातातून तो घेतला, नीट घडी केली आणि खुर्चीवरच्या माणसासमोर ठेवला. मग मला म्हणाली, "कागदावरच पाह्यजे असन तं माझा लिही. मी सांगतो तसा."

मी पंचायतीच्या शिपायाकडून पेन मागितलं. आई बोलत गेली, मी लिहीत गेले. 'मी माझ्या घरी, माझ्या आवाजात, माझ्या देवाची प्रार्थना करीन. कोणाच्या दारात जाऊन करणार नाही. माझ्या दारात कोणी आले तर त्याला हाकलणार नाही.' त्यावर तिनं अंगठा लावला. शाई सगळ्या तळव्याला लागेल इतक्या जोरानं लावला. खाली मी सही केली. साक्षीदार म्हणून गँगमनकाकांनी केली. मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. या वेळी सांगावं लागलं नाही.

गावानं शिक्षा केलीच. मारहाण झाली नाही, घर जाळलं नाही. फक्त बोलणं बंद झालं. चक्कीवाला म्हणाला, मशीन बंद आहे, आणि आतून मशीनचा आवाज येत होता. मी दळण सायकलवर बांधून शेजारच्या गावाला न्यायला लागले. शिवायचे कपडे येणं थांबलं. सपरीतल्या चौघींपैकी दोघी यायच्या थांबल्या. एकीला नवऱ्यानं मारलं, ती तरीही येत राहिली, मागच्या वाटेनं.

आणि आषाढात रोवणीच्या गटानं आईला बोलावलं नाही.

हे तिला लागलं. चक्कीचं लागलं नव्हतं. सकाळी गट आमच्या घरावरून जायचा, हातात डबे, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. कुणी मान वळवायचं नाही. आई दारात उभी राहून बघायची. एक दिवस मी पाहिलं, ती दुपारभर सपरीत बसून होती आणि काहीच गात नव्हती.

"बरं नाही काय?" मी विचारलं.

"बरी आहो. आज त्याच्यावरच राग आला आहे."

"कोणावर?"

तिनं वर बोट दाखवलं. "पाय धुतले आनि चिखलातून बाहेर काढून ठेवलं. मी काय मागितलं होतं हे?" मग उठली, लुगड्याचा काष्टा आवळला. "राग आला तरी सांगाले त्याच्यापाशीच जा लागते. दुसरा आहे कोन?" आणि ती मागच्या अंगणात जाऊन त्याच्याशी भांडली. मोठ्यानं. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. मी या वेळी दार लोटलं नाही.

आमची स्वतःची दीड एकराची बांधी रोवायची होती. आई, बाबा, मी, मार खाऊन येणारी ती बाई, गँगमनकाकांची सून आणि तिच्या वस्तीतल्या दोघी. मी रोवणीत कधी फारशी उतरले नव्हते. पहिल्या तासातच डोळ्यांपुढं अंधारी आली. पलीकडं, दोन बांध्या सोडून, आमचाच जुना गट त्या मोठ्या शेतकऱ्यांच्या शेतात रोवत होता. त्यांच्यात एक नवी बाई ओळ टाकत होती. तिला शब्द आठवायचे नाहीत. गाणं मध्येच तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

आईनं कंबर सरळ केली आणि ओळ टाकली. आधी जुनी, मातामायची, सगळ्यांची. आवाज पाण्यावरून सरळ तिकडं गेला. तिकडून, सवयीनं असेल, दहा-बारा गळ्यांनी ती उचलली. एक कडवं पूर्ण झालं. दुसरं झालं. मग आईनं तिची स्वतःची ओळ टाकली, धुऱ्यावरून येणाऱ्या धन्याची. पलीकडं एकदम शांत झालं. फक्त आम्ही सहा जणी. मी गात होते. माझा आवाज आईसारखा नाही, बारीक आहे, पण बांधीत तो निघाला. आमच्या शेजारी गँगमनकाकांची सून हसत म्हणाली, "मी तुमच्या देवाचं नाव नाही घेत बापा, 'वो बाई' तेवढं म्हनतो." आणि ती प्रत्येक ओळीला 'वो बाई' म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो गट गावाच्या दुसऱ्या अंगाला नेला गेला. आमचं गाणं तिथवर जात नव्हतं. त्या वर्षीची आमची रोवणी पाच दिवसांऐवजी अकरा दिवस चालली. माझ्याही पायांना चिखल्या झाल्या.

पुढच्या आषाढात गटाची मुकादम बाई संध्याकाळी आमच्या दारात आली. आत आली नाही. "ये, काकी, उद्यापासून. बाया म्हनतात गान्याबिगर काम सरत नाही. मालकाचंबी काही म्हनने नाही."

आई भाकरी थापत होती. "येतो."

"पन तुझं ते येशूचं नोको म्हनू बांधीत. बाकी काहीबी म्हन."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "मंग नाही येत."

"अवो, चार दिवस—"

"चार दिवस नाही आनि चार घंटे नाही. मी आलो तं पुरी येईन. अर्धी बाई नेऊन काय करशीन?"

मुकादम बाई गेली. मी आईला म्हणाले, तू मनातल्या मनात म्हणू शकली असतीस. ती म्हणाली, "मनातल्या मनात भाकर खाल्ली तं पोट भरते काय?" ती रोवणीही आमची आम्हीच केली. मी त्याच वर्षी शहरात जाऊन बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या सांगण्यावरून नाही. त्या पाळकांनी विचारलं, तुला हे पूर्ण मनानं करायचं आहे का? मी 'हो' म्हटलं, आणि ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

त्याच्याही पुढच्या वर्षी मुकादम बाई पुन्हा आली. या वेळी सपरीत येऊन बसली, पाणी प्यायली. "उद्या सकाळी," ती म्हणाली. आई वाट पाहत राहिली. बाई आणखी काहीच बोलली नाही. अट आली नाही.

सकाळी मीही सोबत गेले. बांधीच्या धुऱ्यावर बायका उभ्या होत्या. कुणी आईकडे पाहत होतं, कुणी मुद्दाम पाहत नव्हतं. आईनं पदर खोचला, पाण्यात पाय टाकला, रोपांची पेंडी सोडली. एक म्हातारी म्हणाली, "म्हन आता, काय म्हनायचं ते."

तिनं आधी मातामायचं गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कडवं न सोडता. मग श्वास घेतला आणि तिचं म्हटलं. चौघी-पाच जणींनी ओळ उचलली. एकीनं हात थांबवला, आईकडे रागानं बघितलं आणि पुन्हा वाकली. बाकीच्या गप्प राहून रोवत होत्या. ज्यांना म्हणायचं नव्हतं त्यांना आईनं म्हणा म्हटलं नाही, आणि त्यांच्यासाठी आवाजही कमी केला नाही. आम्ही सगळ्या एकाच रांगेत मागं मागं सरकत गेलो. दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत ती बांधी पूर्ण झाली.